वाडीतले डबे, नानकटाई आणि सुंठीची बिस्किटं



2023 पासून दर संक्रांतीला आमच्या घरून तिळगुळाबरोबर एक काळपट बिस्किट जातं. वरून चॉकलेट, त्याखाली सुंठीचा तिखटसर थर आणि आत मोरांबा. ज्यांना मिळतं ते विचारतात, "ही काय चॉकलेटची करंजी का हो?" गुजराती शेजारी तर "चॉकलेट घुघरा" म्हणून मोकळे होतात. दोघांचंही फारसं चुकत नाही. पण या वस्तूची खरी हकीगत फोनवर सांगण्याइतकी लहान नाही. तिच्यात आपली वाडी येते, आमच्या आजीची वही येते आणि एक आत्याही येते. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वहीबद्दल.

1734 साली दमाजीराव गायकवाडांनी बडोदं घेतलं आणि मागोमाग आपली घराणी इकडे आली, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. आमचं घर रंगमहालाच्या बाजूला. आजीचा जन्म 1900 चा. महाराजांनी 1906 साली सगळ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं, तेव्हा ती नेमकी शाळेच्या वयाची झाली. मुलींनाही ती सक्ती होती आणि मूल शाळेत पाठवलं नाही तर दंड होता. पणजोबा दंडाला भिऊन म्हणा, आजी चार यत्ता शिकली. तिच्या वयाच्या पुण्याकडच्या आमच्या नात्यातल्या बायका अंगठा करायच्या, आणि ही मात्र फराळाचा हिशेब ठेवायची. सयाजीराव महाराजांबद्दल बोलताना लोक राजवाडा आणि विद्यापीठ सांगतात. मला पहिली आठवते ती ही वही.

माझ्याकडे तिची 1958 ते 1974 अशी सतरा दिवाळ्यांची वही आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट. डावीकडे "गेले", उजवीकडे "आले". मी पुढे कॉमर्सला जाऊन नावे आणि जमा शिकलो, पण दोन्ही बाजू जुळवायच्या असतात हे मला त्याआधीच ठाऊक होतं. नोंदी अशा: रंगमहालातल्या वैद्यांकडे करंजी 5, अनारसे 3, चकली 7, बेसन लाडू 4. समोर: चिरोटे 6, शेव. शेजारच्या गुजराती घराला तेच, आणि समोर: घुघरे 6, मठिया. मोती वोहरवाडातल्या कापडवाल्यांच्या नावासमोर: बदाम, खारीक, आणि पुढे आजीच्या अक्षरात "कोरडे". म्हणजे शिजवलेलं नाही, सोवळ्याला चालेल असं. त्या गृहस्थांना हे न सांगता कळत होतं आणि ते दर वर्षी कोरडंच पाठवत. त्यावर मतं काहीही असोत, शेजार कसा सांभाळला जायचा ते त्या एका शब्दात आहे.

1958 च्या पानावर 34 घरं आहेत. डबा रिकामा परत करायचा नाही हा नियम तुम्हाला माहीत आहेच. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर. वहीत काही ठिकाणी "साखर" एवढंच लिहिलंय, आणि त्या घरी त्या वर्षी काय झालं होतं ते आम्हाला आठवतं. नोकरी गेलेली असायची, नाहीतर सुतक.

डब्यात काय घालायचं हे चवीपेक्षा टिकण्यावर ठरायचं. करंजीचंच बघा. ओल्या नारळाची करंजी दुसऱ्या दिवशी संपवावी लागते. डब्याच्या करंजीत सुकं खोबरं भाजून, खसखस, पिठीसाखर, वेलची असं कोरडं सारण, वरची पारी तुपाच्या मोहनाची, आणि कडा नीट दाबून कातण्याने कापलेली. एक करंजी तेलात फुटली की सारण बाहेर येतं आणि पुढचा सगळा घाणा काळा पडतो. त्यामुळे कडा दाबायला हात खात्रीचा लागे. आमच्या वाड्यात तो हात आत्याचा होता.

आत्या म्हणजे आजीची धाकटी मुलगी. लग्न झालं आणि दोन वर्षांत, विशीच्या आत, माहेरी परत आली. पांढरं नेसायची. साट्याच्या करंज्या तिच्यासारख्या अख्ख्या वाडीत कुणाच्या होत नसत. तळल्यावर पापुद्रे असे सुटायचे की मोजून घ्यावेत. करंज्यांना बसायचं म्हटलं की पाच-सहा घरच्या बायका आमच्या माजघरात येत आणि आत्या मधे. एवढं असून वहीत आत्या कुठेही नाही. कारण वहीत घरं होती, माणसं नव्हती, आणि घर म्हणजे पुरुषाचं नाव. पाच करंज्या आत्याच्या हातच्या असल्या तरी त्या आजोबांच्या घरून गेलेल्या. परत येणारा डबाही आजोबांच्या घराला. तिला स्वतःला कुणाला काही द्यायचं असेल, तर त्याला रकानाच नव्हता.

पन्नासच्या दशकात ती महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात जायला लागली. ही संस्था 1914 ची. चिमणाबाई महाराणींनी बायकांना हाताला काम मिळावं म्हणून काढली. याच महाराणी पुढे 1927 साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. आत्या तिथे शिवण शिकली, मग शिवणाचे पैसे मिळवू लागली. थोडेच, पण तिचे.

आणि 1961 च्या दिवाळीत तिने त्या पैशांतून नानकटाई केली.

नानकटाई हा शब्द वाचून इथे अनेकांच्या नाकात तो वास आला असेल. पण तरुण मंडळींसाठी सांगतो. तेव्हा घरात ओव्हन नव्हते. मैदा, थोडा रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचं, किंवा घरी फेसून, गोळे करून न्यायचे. बेकरीवाल्याचे काळे पत्र्याचे ट्रे असत. आपले गोळे मांडायचे, कोपऱ्यात नावाची चिठ्ठी, दर ट्रेमागे पैसे. पाव काढून झाल्यावर भट्टी जरा निवली की हे ट्रे आत. दिवाळीआधी रात्री अकरापर्यंत पोरं ओट्यावर बसून वाट बघत असत, आणि कुणाची नानकटाई कुणाच्या डब्यात गेली यावरून भांडणंही होत. नानकटाईचा उगम सुरतेचा सांगतात. डचांची वखार होती, त्यांच्यासाठी पाव भाजणारी बेकरी होती, डच गेल्यावर ती दोतीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि तिथून ही खुसखुशीत, बिनअंड्याची बिस्किटं गुजरातभर पसरली. म्हणजे युरोपची भट्टी आणि आपलं तूप, हा संसार काही आजचा नाही.

आमच्या घरात मात्र अडचण होती. बेकरी म्हणजे अंडी. ट्रेला अंड्याचा हात लागला असणार. आजोबांनी नानकटाईकडे पाहिलंही नाही. आजी काही बोलली नाही. आत्याने बारा-बारा नानकटाईचे सहा डबे भरले आणि सहा मैत्रिणींकडे मला घेऊन गेली. मी दहा-अकरा वर्षांचा, डबे धरायला. प्रत्येक दारात तिने "हे माझ्याकडून" असं सांगितलं. सातवा डबा तिने आजीच्या पुढ्यात ठेवला.

त्या वर्षीचं पान माझ्यासमोर आहे. उजव्या बाजूला, सर्वांत खाली, आजीने लिहिलंय: घरातूनच आले, नानकटाई 12. पुढे आत्याचं नाव. आणि 1962 च्या पानावर डाव्या बाजूला, 34 घरांच्या खाली, पस्तिसावी ओळ आत्याच्या नावाची: करंजी 5, अनारसे 3, चकली 7, लाडू 4. आला डबा तर गेला पाहिजे. त्याच स्वयंपाकघरातून त्याच घरात राहणाऱ्या मुलीला, तिनेच कडा दाबलेल्या पाच करंज्या डब्यात भरून दिल्या. ही ओळ 1974 पर्यंत एकदाही चुकलेली नाही. बँकेत अडतीस वर्षं मी खाती उघडली. याला आमच्या भाषेत स्वतंत्र खातं म्हणतात, आणि चार यत्ता शिकलेल्या बाईने ते कुणालाही न विचारता उघडलं होतं.

आता सुंठीच्या बिस्किटाकडे येतो. इंग्रजीत जिंजरब्रेड. आमची नात ड्रेस्डेनला दोन वर्षं शिकायला होती. येताना तिने तिथून जवळच्या पुल्सनित्स नावाच्या लहानशा गावची बिस्किटं आणली. आत जॅम, वर चॉकलेट. या गावच्या बेकऱ्यांना ही भाजायची परवानगी 1558 साली मिळाली, आणि आजही गाव त्यावरच ओळखलं जातं. जर्मन लोक याला तिकडे फेफरकुखन म्हणतात, म्हणजे शब्दशः मिरीचा केक. त्यात मिरी असेलच असं नाही. त्या काळी त्यांच्याकडे समुद्रापलीकडून येणारा कुठलाही मसाला म्हणजे "मिरी"च. पोलंडमधल्या तोरून गावचं पिएर्निक, तेही नाव तिखट या अर्थाच्या शब्दावरून. (तोरून म्हणजे कोपर्निकसचं जन्मगाव.)

हे मसाले जायचे कुठून? आपल्याकडून. शृंगवेर हा आपला आल्याचा जुना शब्द. त्याच शब्दकुळातून ग्रीकांचं झिंगिबेरिस आणि पुढे इंग्रजांचं जिंजर. ओलं आलं जहाजात कुजेल, म्हणून मलबारात ते वाळवून सुंठ करत. सुंठ, मिरी, दालचिनी, वेलची ही सगळी अरबी समुद्रातून एडन, तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया आणि मग व्हेनिस अशी जात. आपलं खंभातही त्या काळचं मोठं बंदर. आज तिथे नुसता चिखल दिसतो, पण एडनला जाणारी जहाजं तिथून सुटत. व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांची एक मोठी वखारच होती. त्यांत न्युरेंबर्गचे व्यापारी पुढे. माल आल्प्स ओलांडून त्यांच्या गावी जायचा. न्युरेंबर्गच्या भोवती मोठं राखीव जंगल, त्यात मधमाश्या पाळणारे. मध हाताशी, मसाले दाराशी. म्हणून हे बिस्किट त्या गावाचं झालं. 1643 साली तिथल्या बिस्किटवाल्यांचा स्वतंत्र संघ झाला, आणि संघाबाहेरच्यांना तो धंदा करायची मुभा नव्हती. तिकडे हे उस्तादांचं काम, दर ठरलेलं, मान ठरलेला. आपल्याकडे तेवढ्याच कौशल्याचं काम माजघरात, आणि त्याला मोल कुणी लावलं नाही. हा फरक मला राहून राहून टोचतो.

चॉकलेटचा लेप मात्र अलीकडचा. कोको मेक्सिकोतून सोळाव्या शतकात स्पेनला आला, पण तीनशे वर्षं लोक तो पीतच होते. खायची वडी इंग्लंडात फ्राय कंपनीने 1847 साली केली. पुढे यंत्रं सुधारली, चॉकलेट पातळ आणि मऊ झालं, तेव्हा ते बिस्किटावर ओतता येऊ लागलं. ड्रेस्डेनलाच 1936 साली हर्बर्ट वेंडलर नावाच्या मिठाईवाल्याने सुंठीचं बिस्किट, फळांची जेली आणि बदामाचा थर एकावर एक ठेवून चौकोनी चॉकलेट केलं. उद्देश असा की महागडी मिठाई न परवडणाऱ्यालाही काही तरी चांगलं मिळावं. आपल्या भागात चॉकलेट घरोघर गेलं ते सत्तरच्या दशकात अमूलने आणंदजवळ मोगरला कारखाना काढल्यावर. बडोद्याहून आणंदला जाताना रस्त्यातच लागतं.

लेप नुसता शोभेचा नाही, बरं का. आतला मोरांबा ओला असतो. उघडा राहिला तर एकीकडे तो सुकतो आणि दुसरीकडे बिस्किट चिघळतं. चॉकलेट सगळीकडून बंद करतं. म्हणजे करंजीने जो प्रश्न कोरडं सारण करून सोडवला, तोच यांनी बाहेरून झाकण घालून सोडवला.

नातीने हे आमच्या स्वयंपाकघरात करायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न तिच्या आजीने विचारला, "कुणाकुणाला द्यायचंय?" यादीत जैन घरं तीन, वैष्णव दोन. अंडं बाद. मध जैनांना चालत नाही, म्हणून मध बाद, त्याऐवजी गूळ. बाजारच्या काही जेलीत जिलेटिन असतं, म्हणून जेली बाद आणि घरचा मोरांबा. आणि आलं? कंद म्हणून जैन ओलं आलं खात नाहीत, पण सुंठ चालते. ज्या कारणाने सुंठ जहाजातून न्युरेंबर्गला पोचली, म्हणजे वाळवलेली म्हणून, जवळपास त्याच कारणाने ती आमच्या समोरच्या घरातही पोचली.

प्रमाण अनेकांनी मागितलं होतं ते देतो. गूळ 200 ग्रॅम, तूप 75 ग्रॅम, दूध चार मोठे चमचे, मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत. उकळायचं नाही. कोमट झाल्यावर मैदा 300 ग्रॅम, कणीक 100 ग्रॅम, सुंठ दोन लहान चमचे, दालचिनीची पूड दोन, आठ लवंगा आणि सहा वेलदोडे कुटून, पाव जायफळ, चिमूट मिरपूड, चिमूट मीठ, पाऊण लहान चमचा खाण्याचा सोडा. गोळा रात्रभर झाकून ठेवा. जर्मन लोक तर पीठ आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवतात. सकाळी पुरीपेक्षा जाड लाटून वाटीने गोल कापा, अर्धा लहान चमचा मोरांबा मधे, वर दुसरी चकती, कडा दाबा. मोरांबा घट्ट हवा. पातळ असेल तर कढईत आटवून घ्या. 170 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. चोवीस होतात. पूर्ण गार झाल्यावर 300 ग्रॅम काळं चॉकलेट, गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवलेलं. वाफेचा एक थेंब आत गेला तर चॉकलेट फाटतं, तेवढं जपा. ताजं बिस्किट जरा कडक लागतं. डबा बंद ठेवा. आठवड्याने गूळ ओल धरतो आणि ते मऊ होतं.

दिवाळीत हे होत नाही. बडोद्याच्या ऑक्टोबरात चॉकलेट बोटाला लागतं. नाताळात करायचं, मुरू द्यायचं, आणि संक्रांतीला द्यायचं. गूळ आहे, सुंठ आहे, थंडीचं खाणं आहे. तिळगुळाच्या शेजारी ते परकं वाटत नाही. रामनवमीचा सुंठवडा आणि बाळंतिणीचे सुंठीचे लाडू खाल्लेल्या जिभेला तर नाहीच. उत्तरायणाच्या दिवशी अगाशीवर उंधियू-जलेबीबरोबर आमच्या शेजाऱ्यांनी ते खाल्लं तेव्हा कुणी "फॉरेनचं" म्हटलं नाही. "सुंठ सरस छे" एवढंच म्हणाले.

1958 च्या 34 घरांपैकी आज वाडीत चार उरली आहेत. बाकी मांजलपूर, कारेलीबाग, पुणे, टोरांटो. परदेशी कुरिअरने फराळ जातो, दुकानं खोकी बांधून देतात, चांगली सोय आहे, आम्हीही पाठवतो. पण कुरिअरचं खोकं परत येत नाही. वहीची उजवी बाजू कोरी राहते. त्यामुळे नातीने एक ठरवलं: गावातल्या घरी हे बिस्किट स्टीलच्या डब्यातच द्यायचं, प्लॅस्टिकच्या नाही. स्टीलचा डबा लोक ठेवून घेत नाहीत.

तिची यादी फोनमध्ये असते, पण रकाने तेच, गेले आणि आले. गेल्या संक्रांतीला चार-चार बिस्किटांचे एकतीस डबे गेले. चोवीस परत आले. त्यांत तिळाची चिक्की, शिंगदाण्याची चिक्की, ममरा लाडू, एका ठिकाणाहून दोन पेरू, आणि एका डब्यात नुसती साखर. साखर आली ती आमच्याच वाडीतल्या एका काकूंकडून. वय पंच्याऐंशी, घरात एकट्या. नातीच्या यादीत ते घर त्यांच्या कैलासवासी यजमानांच्या किंवा मुलाच्या नावाने नाही. काकूंच्या पहिल्या नावाने आहे, आणि पुढे लिहिलंय: साखर, मिळाली.